टोगोत संसदेच्या निवडणुकीने राष्ट्रपतीची निवडणूक कशी संपवली?

३ मे २०२५ रोजी पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो या देशात दोन पदांवर दोन माणसे आली. राष्ट्रपतिपदासाठी पंच्याऐंशीच्या घरातले ज्याँ-ल्यूसियाँ साव्ही द तोव्हे यांची निवड झाली आणि 'मंत्रिपरिषदेचे अध्यक्ष' या नव्याकोऱ्या पदाची शपथ फोर न्यासिंग्बे यांनी घेतली. हे फोर त्याआधी वीस वर्षे टोगोचे राष्ट्रपती होते. वरवर पाहिले तर आनंदाचीच बातमी वाटावी: दोन दशके सत्तेवर असलेला माणूस राष्ट्रपतिपदावरून पायउतार होतो आणि त्याच्या जागी दुसरा येतो. प्रत्यक्षात टोगोतल्या विरोधी पक्षांनी या सगळ्याला 'राज्यघटनेच्या आडून केलेले बंड' म्हटले आणि महिन्याभरात राजधानी लोमेच्या रस्त्यांवर तरुणांचे मोर्चे निघाले. पद सोडल्यावर लोक का चिडतात, हे कळण्यासाठी आधीच्या वर्षी, २९ एप्रिल २०२४ रोजी झालेली तिथल्या संसदेची निवडणूक समजून घ्यावी लागते.

आधी देश कुठला ते पाहू

टोगो म्हणजे घाना आणि बेनिन या दोन देशांच्या मधली जमिनीची एक उभी, अरुंद पट्टी. दक्षिणेला समुद्रकिनारा जेमतेम ५६ किलोमीटरचा आणि तिथून उत्तरेला बुर्किना फासोच्या सीमेपर्यंत साडेपाचशे किलोमीटरहून अधिक लांबी. क्षेत्रफळ सुमारे ५६,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी, आणि लोकसंख्या सुमारे ८० लाख. राजधानी लोमे घानाच्या सीमेला इतकी खेटून आहे की शहराचा पश्चिमेकडचा रस्ता संपतो तिथे दुसरा देश सुरू होतो. आपल्याकडे या देशाचे नाव फारसे कानावर येत नाही. पण तिथले फॉस्फेट भारतातल्या खत कारखान्यांना येते आणि तिथला कच्चा काजू सोलण्यासाठी भारतात उतरतो.

जर्मनांची वसाहत असलेला हा प्रदेश पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन आणि फ्रान्स यांनी वाटून घेतला. ब्रिटिशांच्या वाट्याचा भाग पुढे घानात विलीन झाला, तर फ्रेंचांकडचा भाग २७ एप्रिल १९६० रोजी टोगो म्हणून स्वतंत्र झाला. पहिले राष्ट्रपती सिल्वानुस ऑलिंपियो यांची १९६३ मध्ये लष्करी बंडात हत्या झाली. १९६७ मध्ये न्यासिंग्बे एयादेमा या लष्करी अधिकाऱ्याने सत्ता हाती घेतली, ती ५ फेब्रुवारी २००५ रोजी मृत्यू येईपर्यंत सोडली नाही. फोर हे त्यांचेच चिरंजीव. १९६७ पासून आजवर एकच घराणे या देशावर राज्य करीत आले आहे, ही एक गोष्ट मनात ठेवली तर पुढचे बरेचसे आपोआप उलगडत जाते.

वडिलांकडून मुलाकडे सत्ता कशी आली, तो प्रसंगही जवळून पाहण्यासारखा आहे. राज्यघटनेनुसार राष्ट्रपतीच्या मृत्यूनंतर संसदेच्या अध्यक्षाने तात्पुरता कारभार हाती घेऊन नवी निवडणूक घ्यायची होती. ते अध्यक्ष त्या दिवशी परदेशातून परतत होते. लष्कराने देशाच्या सीमा बंद केल्या, त्यामुळे त्यांना शेजारच्या बेनिनमध्ये अडकून पडावे लागले. लष्कराने फोर यांना राष्ट्रपती जाहीर केले आणि दुसऱ्या दिवशी संसदेने घाईघाईने जुन्या अध्यक्षांना दूर करून त्या जागी फोर यांनाच निवडले; शिवाय वडिलांची उरलेली मुदत त्यांना पूर्ण करता यावी, अशी दुरुस्तीही घटनेत करून टाकली. शेजारी देशांच्या 'इकोवास' या पश्चिम आफ्रिकी संघटनेने दबाव आणल्यावर तीन आठवड्यांतच फोर यांना पद सोडावे लागले आणि एप्रिलमध्ये निवडणूक झाली. ती फोर यांनी जिंकली. त्या काळात उसळलेल्या हिंसाचारात ४०० ते ५०० माणसे मारली गेली, असा संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीचा अंदाज आहे.

सरपंच कोणी निवडायचा: गावाने की सदस्यांनी?

आता मूळ मुद्द्याकडे वळू. देशाचा कारभारी निवडण्याच्या ढोबळ दोन रीती आहेत. एका रीतीत जनता त्याला थेट मत देते. हा अध्यक्षीय मार्ग. दुसऱ्या रीतीत जनता प्रतिनिधी निवडते आणि त्या प्रतिनिधींचे बहुमत ज्याच्या मागे असेल तो कारभार पाहतो. हा संसदीय मार्ग. महाराष्ट्रातल्या वाचकाला हा फरक कळण्यासाठी आफ्रिकेत जाण्याची गरज नाही. आपल्याकडे २०१७ मध्ये सरपंच थेट गावाने निवडायचा असे ठरले, २०२० मध्ये ती निवड पुन्हा ग्रामपंचायत सदस्यांकडे गेली आणि २०२२ मध्ये थेट निवड परत आली. दोन्ही रीतींचे गुणदोष गावोगावच्या पारावर चर्चिले गेले आहेत आणि दोन्हींमध्ये लोकशाही नांदू शकते, हे मी आधीच स्पष्टपणे सांगतो.

पण कल्पना करा की एखाद्या गावात सरपंच थेट निवडला जातो आणि एका माणसाने दोनदाच सरपंच व्हायचे, असा नियम साऱ्या गावाने मिळून केलेला आहे. सरपंचाची दुसरी पाळी जवळ येते तेव्हा सदस्य एक ठराव करतात. हे बहुतेक सगळे सरपंचाच्याच पॅनेलचे आहेत आणि त्यांची स्वतःची मुदतही संपून गेलेली आहे. ठराव असा, की यापुढे सरपंचाने १५ ऑगस्टला झेंडा फडकवायचा आणि पाहुण्यांना हार घालायचे. सही, शिक्का, बँकेचे खाते आणि कामांची मंजुरी हे सगळे 'पॅनेलप्रमुखा'कडे राहील. पॅनेलप्रमुख अर्थातच गाव निवडणार नाही, आणि दोनदाचा नियम त्याला लागू नाही, कारण तो नियम सरपंचाविषयी आहे. टोगोत २०२४ मध्ये जे घडले ते थोडक्यात हेच आहे.

कलम ५९ चा प्रवास

'दोनदाच' हा नियम टोगोच्या जनतेने सहजासहजी मिळवलेला नव्हता. १९९० च्या सुमारास पश्चिम आफ्रिकेत एकपक्षीय राजवटींविरुद्ध लाट आली. टोगोतही संप झाले, मोर्चे निघाले, रक्त सांडले आणि अखेर २७ सप्टेंबर १९९२ रोजी सार्वमताने नवी राज्यघटना स्वीकारली गेली. सार्वमत म्हणजे एखाद्या प्रश्नावर सगळ्या मतदारांनी थेट हो किंवा नाही असा कौल देणे. त्या घटनेच्या कलम ५९ मध्ये राष्ट्रपतीची मुदत पाच वर्षांची ठरली आणि कुणालाही दोनपेक्षा जास्त मुदती मिळणार नाहीत, असे बंधन आले.

या घटनेखालची एयादेमा यांची दुसरी मुदत संपत आली तेव्हा, डिसेंबर २००२ मध्ये, त्यांच्या पक्षाच्या ताब्यातल्या संसदेने हे बंधन काढून टाकले. त्याच दुरुस्तीत राष्ट्रपतिपदासाठीचे किमान वय ४५ वरून ३५ वर आणले गेले. फोर त्या वेळी ३६ वर्षांचे होते. फोर यांनी २००५ नंतर २०१० आणि २०१५ च्या निवडणुकाही जिंकल्या. ऑगस्ट २०१७ पासून प्रचंड मोर्चे निघू लागले आणि त्यांची मुख्य मागणी एका ओळीची होती: १९९२ ची घटना परत द्या. दोन वर्षांनी, २०१९ मध्ये, दोन मुदतींचे बंधन परत आले खरे, पण आधीच्या मुदती त्यात धरायच्या नाहीत असे ठरले. त्यामुळे फोर यांना २०२० आणि २०२५ या दोन निवडणुका लढवण्याची मुभा मिळाली. मात्र २०३० मध्ये त्यांना थांबावेच लागले असते. शिवाय २०१९ च्या मजकुरात एक महत्त्वाचे वाक्य होते: ही तरतूद बदलायची तर सार्वमतानेच बदलता येईल.

लोकांनी या वाक्यावर विश्वास ठेवला होता, आणि २०२४ चा घाव नेमका तिथेच बसला.

पंचवीस दिवसांत नवी राज्यघटना

२४ मार्च २०२४ रोजी सेनेगलमध्ये राष्ट्रपतिपदासाठी मतदान झाले आणि दहा दिवसांपूर्वी तुरुंगातून सुटलेले विरोधी उमेदवार बासिरू जोमाय फाय निवडून आले. साऱ्या पश्चिम आफ्रिकेचे लक्ष तिकडे होते. दुसऱ्याच दिवशी, २५ मार्चला, लोमेमध्ये संसदेने नवी राज्यघटना मंजूर केली: बाजूने ८९ मते, विरोधात एक, तटस्थ एक. या संसदेची निवडणूक डिसेंबर २०१८ मध्ये झाली होती, प्रमुख विरोधी आघाडीने त्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला होता आणि तिची मुदत २०२३ च्या अखेरीस संपलेली होती. मुदत संपलेले सदस्य फार तर रोजचे काम पुढे रेटू शकतात. देशाचा पायाच बदलण्याचा अधिकार त्यांना कुणी दिला, हा विरोधकांचा आणि कायदेपंडितांचा पहिला सवाल होता. सार्वमताचे काय झाले, हा दुसरा. कॅथलिक बिशपांनीही या घाईला जाहीर आक्षेप घेतला.

गदारोळ वाढल्यावर फोर यांनी मसुदा फेरविचारासाठी परत पाठवला आणि संसदेची निवडणूक, जी २० एप्रिलला व्हायची होती, ती २९ एप्रिलवर गेली. १९ एप्रिलला काही बदलांसह दुसरी मंजुरी मिळाली. या वेळी हजर असलेल्या ८७ सदस्यांपैकी एकानेही विरोधात मत दिले नाही. मतदान दहा दिवसांवर आले होते.

या नव्या घटनेने तीन गोष्टी केल्या. राष्ट्रपतीची थेट निवडणूक संपली. आता त्याला संसद निवडते, चार वर्षांसाठी आणि फार तर दोनदा. त्याचे पद मुख्यतः समारंभापुरते उरले. सरकार चालवणे, लष्कराचे प्रमुखपद आणि परराष्ट्र व्यवहार हे सगळे मंत्रिपरिषदेच्या अध्यक्षाकडे गेले. हे पद संसदेत बहुमत मिळवलेल्या पक्षाच्या नेत्याला मिळते, आणि त्याने किती वेळा ते भूषवावे याला मर्यादा नाही. बंधनाचे कुलूप जुन्या दारावर तसेच लटकत राहिले, फक्त घरात जायचे दार दुसऱ्या भिंतीत काढले गेले.

म्हणजेच २९ एप्रिल २०२४ ला लोमेतला मतदार रांगेत उभा राहिला तेव्हा तो नुसता खासदार निवडत नव्हता. देशाचा कारभारी कोण, हेही त्याच मताने ठरणार होते. नवी घटना अमलात मात्र मतदानानंतर, ६ मे रोजी, फोर यांच्या सहीने आली.

१०८ जागा कशा आल्या?

निकाल असा लागला: ११३ जागांपैकी १०८ फोर यांच्या 'युनिर' पक्षाला आणि उरलेल्या पाच चार वेगवेगळ्या पक्षांना. २०१८ मध्ये, प्रमुख विरोधक मैदानात नसतानाही, युनिरला ९१ पैकी ५९ जागाच मिळाल्या होत्या. विरोधक उतरले आणि सत्ताधाऱ्यांच्या जागा वाढल्या, हे कोडे वाटते. याचा एक भाग गणिताचा आहे आणि दुसरा परिस्थितीचा.

गणित असे आहे. टोगोत एका मतदारसंघातून अनेक सदस्य निवडले जातात. पुण्याच्या महापालिकेतल्या चार सदस्यांच्या प्रभागाशी हे थोडे जुळते, पण तिथे मतदार व्यक्तीला मत देतो, तर टोगोत तो पक्षाने आधीच क्रम लावून दिलेल्या यादीला एकच मत देतो. मग ज्या यादीची प्रत्येक जागेमागची सरासरी मते सर्वांत जास्त, तिला जागा मिळत जाते. समजा, दोन जागांच्या मतदारसंघात १,००० मते पडली: सत्ताधाऱ्यांना ५२० आणि तीन विरोधी पक्षांना २००, १६० आणि १२०. पहिली जागा अर्थातच ५२० वाल्यांची. दुसऱ्या जागेसाठी त्यांची सरासरी ५२० भागिले २, म्हणजे २६०. विरोधकांतल्या सर्वांत मोठ्या पक्षाकडे आहेत २००. त्यामुळे दुसरी जागाही सत्ताधाऱ्यांचीच. मते निम्म्याहून थोडी जास्त आणि जागा मात्र सगळ्या. तेच तीन विरोधक एका यादीवर आले असते, तर त्यांची ४८० मते २६० पेक्षा जास्त भरली असती आणि एकेक जागा वाटून गेली असती. हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण जिथे मतदारसंघात जागा मोजक्या आणि विरोधक विखुरलेले, तिथे ही पद्धत मोठ्या पक्षाला किती झुकते माप देते, ते त्यातून दिसते. दाट वस्तीच्या लोमेला लोकसंख्येच्या मानाने कमी जागा मिळतात, हा विरोधकांचा जुना आक्षेप त्यात मिळवावा लागतो.

आणि परिस्थिती? सभा-मोर्चांवर २०२२ पासून कडक बंधने होती. निवडणुकीच्या तोंडावर परदेशी पत्रकारांना परवाने देणे थांबवले गेले. कॅथलिक चर्चला देशभर आपले निरीक्षक नेमायचे होते, त्यांना परवानगी नाकारली गेली. इकोवास आणि आफ्रिकन युनियनचे निरीक्षक मात्र हजर होते आणि मतदान शांततेत पार पडले. ही शांतता खोटी होती असे मी म्हणणार नाही. लोक खरोखर रांगेत उभे राहिले, त्यांनी मत दिले. पण मतदानाचा दिवस शांत गेला म्हणून त्याआधीच्या महिन्यांत जे घडले ते न्याय्य ठरत नाही.

'पण आपल्याकडेही पंतप्रधानाला मर्यादा नाहीच ना?'

हा आक्षेप कुणीही विचारी वाचक घेईल, आणि टोगोच्या सरकारनेही याच सुरात उत्तर दिले: संसदीय पद्धत जगभर आहे, भारतात आहे, ब्रिटनमध्ये आहे, मग आमच्यावरच टीका का?

आपल्याकडे पंतप्रधानाला मुदतीची मर्यादा नाही, हे खरे आहे. पण संसदीय पद्धतीत मर्यादेचे काम वेगळ्या गोष्टी करतात. बहुमत निसटू शकते, मित्रपक्ष पाठिंबा काढू शकतात, स्वतःचाच पक्ष नेता बदलू शकतो, अविश्वास ठराव येऊ शकतो. १९९९ मध्ये अटलबिहारी वाजपेयी यांचे सरकार लोकसभेत एका मताने पडले आणि ते खरोखरच गेले. १९७७ मध्ये सत्तेवर असलेल्या पंतप्रधान इंदिरा गांधी स्वतःच्या मतदारसंघात हरल्या आणि त्यांनी पद सोडले. मर्यादा घटनेत लिहिलेली नसली तरी दार उघडे असते आणि अधूनमधून त्यातून कुणीतरी खरेच बाहेर जाते.

टोगोत १९६७ पासून मतपेटीने एकदाही सत्ताधारी बदललेला नाही. ११३ पैकी १०८ सदस्य ज्याच्या पक्षाचे, त्याच्यावर उरलेले पाच जण अविश्वास दाखवून काय करणार? पक्ष त्याचा, उमेदवारांच्या यादीतला क्रम पक्षाच्या हाती. नव्या वरिष्ठ सभागृहातले, म्हणजे सिनेटमधले, एकतृतीयांश सदस्यही तोच नेमणार. अशा ठिकाणी लिखित मर्यादा हाच एकमेव दरवाजा उरलेला असतो. म्हणून एकाच पद्धतीचे दोन देशांतले परिणाम इतके वेगळे निघतात. माझ्या मते टीकेचा रोख संसदीय पद्धतीवर असताच कामा नये. ती कधी, कुणी आणि कुणासाठी आणली, यावर तो असावा, आणि तिथे टोगोच्या सरकारकडे समाधानकारक उत्तर नाही.

'निदान तिथे स्थैर्य तरी आहे ना?'

ही बाजूही गांभीर्याने ऐकली पाहिजे. उत्तरेकडच्या बुर्किना फासोत २०२२ या एकाच वर्षात दोन लष्करी उठाव झाले. तिथल्या जिहादी गटांची झळ २०२१ पासून टोगोच्या सावान या उत्तरेकडच्या प्रांताला बसते आहे. जून २०२२ मध्ये तिथे आणीबाणी लागू झाली. अशा वेळी अनुभवी हात हवा, असे अनेक टोगोवासीयांना मनापासून वाटते, आणि लोमेचे बंदर, रस्ते, उद्योग यांत झालेली वाढही ते बोट दाखवून सांगतात.

पण टोगोच्या पश्चिमेला घाना आहे. तिथे २०००, २००८, २०१६ आणि २०२४ अशा चार निवडणुकांत विरोधी पक्ष जिंकला, हरलेल्यांनी पराभव मान्य केला आणि देश उभा राहिला. लोमेतल्या माणसाला हे वर्तमानपत्रात वाचावे लागत नाही, सीमा ओलांडून बाजाराला जाताना तो ते पाहतो. २०१५ मध्ये इकोवासने साऱ्या सदस्य देशांसाठी दोन मुदतींची मर्यादा ठेवण्याचा विचार केला, तेव्हा विरोध केला तो टोगो आणि गांबिया या दोन देशांनी, आणि प्रस्ताव बारगळला. गांबियाचे राष्ट्रपती याह्या जामेह दीड वर्षातच निवडणूक हरले आणि इकोवासच्या सैन्याने सीमा ओलांडल्यावर देश सोडून गेले.

मोर्चे का निघाले?

जून २०२५ मध्ये लोमेत ठिणगी पडली ती वीजदर आणि एका लोकप्रिय रॅप गायकाची अटक यांवरून. ६ जून, म्हणजे फोर यांच्या वाढदिवसाच्या सुमारास, तरुण रस्त्यावर उतरले आणि महिनाअखेर पुन्हा उतरले. पोलिसी कारवाईनंतर शहरातल्या खाजणात आणि पाण्यात मृतदेह सापडले. नागरी संघटनांनी किमान सात मृत्यूंची नोंद केली. सरकारने ती माणसे बुडून मेल्याचे सांगितले. पुढच्याच महिन्यात, १७ जुलैला, नगरपालिकांच्या निवडणुका घेतल्या गेल्या.

या तरुणांना वेडे किंवा भडकवलेले म्हणणे सोपे आहे. त्यांच्या जागी उभे राहून पाहिले तर वेगळे दिसते. टोगोतली निम्म्याहून अधिक जनता पंचविशीच्या आतली आहे. त्यांनी जाणत्या वयात फोर यांच्याशिवाय दुसरा राष्ट्रपती पाहिलेला नाही, आणि त्यांच्या आईवडिलांनी फोर यांच्या वडिलांशिवाय. २०२५ मध्ये राष्ट्रपतिपदाचे मतदान होणार होते, त्यांतल्या कितीतरी जणांचे ते पहिलेच ठरले असते. आता ते कधीच होणार नाही. संसदेची मुदत सहा वर्षांची, म्हणून पुढचे मतदान २०३० मध्ये येते, जेव्हा जुन्या कलम ५९ प्रमाणे फोर यांना थांबावे लागले असते. त्या दिवशी मतपत्रिकेवर पक्षांच्या याद्या असतील. देश कुणी चालवावा, असा प्रश्न तिच्यावर छापलेला नसेल.